गतिरोधकाची त्रिज्या

पुणे-सोलापूर रस्त्यावरचे टेंभुर्णी आपल्यापैकी अनेकांनी एसटीच्या खिडकीतून पाहिले असेल. येथून पंढरपूरकडे आणि कुर्डुवाडीकडे रस्ते फुटतात. उसाच्या हंगामात ट्रेलर ओढणारे ट्रॅक्टर, वारीच्या दिवसांत जीपगाड्या. त्यातूनच मुले शाळेला जातात. येथल्या एका गल्लीत आम्ही एकदा गतिरोधक मोजला. एका मुलाला मोटारसायकलची धडक बसल्यावर लोकांनी तो रातोरात घातला होता. वाहन जाते त्या दिशेने रुंदी सुमारे ६० सेंटिमीटर, उंची १५.

अशी युक्ती जुनीच आहे. अमेरिकेत न्यू जर्सीमधील चॅटम गावाने १९०६ साली पादचारी रस्ता ओलांडतात त्या जागा दगड बसवून सुमारे पाच इंच उंच केल्या. पण उंचवट्याचा आकार गणिताने ठरवू पाहणारा माणूस आपल्या ओळखीचा आहे : आर्थर कॉम्प्टन. क्ष-किरणांच्या प्रकीर्णनासाठी १९२७ चे नोबेल मिळवणारे, त्याच्या आदल्याच वर्षी लाहोरच्या पंजाब विद्यापीठात येऊन राहिलेले. पुढे ते सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठाचे प्रमुख झाले. आवारातून मोटारी सुसाट जातात हे पाहून १९५३ मध्ये त्यांनी स्वतःच उंचवट्याची रचना केली. फोटॉनच्या धडकेचा हिशेब मांडणाऱ्याला हे काम हलके वाटले नाही, याचे आम्हाला कौतुक वाटते.

नेदरलँड्समधील डेल्फ्टने गल्लीच नागमोडी करून पाहिली; १९७६ मध्ये तेथे अशा रस्त्यांना कायद्याचे रूप मिळाले. आपल्या उपयोगाचे काम मात्र ब्रिटनमधील वॉट्स यांचे, १९७३ चे. अरुंद उंचवट्यावर सावकाश जाणाऱ्याला चांगलाच हिसका बसतो. वेग वाढला की टायर व स्प्रिंगा तो पचवतात आणि आतल्या माणसाला धक्का उलट कमी जाणवू शकतो. म्हणजे शिक्षा सायकलवाल्याला आणि रिक्षातल्या गरोदर बाईला, जीप मात्र सुटली! रुंद उंचवट्यावर वेगाबरोबर त्रास वाढत जातो. म्हणून ३.७ मीटर रुंद व १० सेंटिमीटर उंच असा वर्तुळकंस निघाला. इंडियन रोड्स काँग्रेसने १९८८ च्या मार्गदर्शिकेत दुय्यम रस्त्यांसाठी तोच घेतला : त्रिज्या १७ मीटर, ओलांडण्याचा वेग ताशी २५ किलोमीटर. राष्ट्रीय महामार्गांवरचे गतिरोधक काढावेत, असा आदेश केंद्राने २०१६ मध्ये दिला. गल्लीतले अर्थातच राहिले.

जीवा आणि त्रिज्या शिकवताना हे फळ्यावर घेता येईल. अर्ध्या रुंदीचा वर्ग अधिक उंचीचा वर्ग, भागिले उंचीची दुप्पट. १.८५ व ०.१० घातले की १७ मीटर येतात. अशा कंसावर, स्प्रिंगांचा विचार बाजूला ठेवला तर, ताशी सुमारे ४६ किलोमीटरला चाक जमीन सोडते. कारण वेगाचा वर्ग भागिले त्रिज्या ही संख्या तेथे ९.८ होते. टेंभुर्णीच्या त्या गतिरोधकाची त्रिज्या याच सूत्राने साडेसदतीस सेंटिमीटर निघाली.