समुद्रात राहिलेली मुलं

मंडळी, देवरूखातून समुद्र दिसत नाही. पण आपल्या रत्नागिरी जिल्ह्यातल्या घरांचं आणि बोटींचं नातं फार जुनं. बोटीवरची नोकरी म्हणजे महिन्याची मनीऑर्डर, आणि कधी कधी एकच तार.

आज १९७१ च्या डिसेंबरातल्या दोन रात्रींबद्दल बोलायचंय.

पहिली ३ तारखेची. विशाखापट्टणमजवळ ‘गाझी’ ही पाकिस्तानी पाणबुडी बुडाली. कशानं बुडाली, यावर दोन्ही देशांचं आजही एकमत नाही. आत नव्वदहून अधिक माणसं होती. एकही वाचला नाही.

दुसरी ९ तारखेची. दीवच्या समुद्रात ‘हंगोर’ या पाणबुडीनं टॉर्पेडो सोडून आपली ‘खुकरी’ बुडवली, तीही काही मिनिटांत. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांनी आपलं लाइफ जॅकेट दुसऱ्याला दिलं आणि स्वतः जहाजाबरोबर गेले. त्यांना मरणोत्तर महावीरचक्र मिळालं. कॅप्टनचं नाव आपल्याला पाठ असतं. पण उरलेले १९३?

आता घराकडे बघू या. देहच आला नाही, तर करायचं काय? आपल्याकडे पालाशविधी आहे: पळसाचा प्रतीकदेह करायचा आणि त्याला अग्नी द्यायचा. तिथी माहीत नसेल, तर सर्वपित्री अमावस्या. म्हणजे ही वेळ माणसांवर पूर्वीही आली होती, हे शास्त्र करणाऱ्यांना ठाऊक होतं.

पण आईचं मन? ‘कुठल्या तरी बोटीनं उचललं असेल माझ्या पोराला,’ असं तिला वाटणारच. त्याला वेडेपणा म्हणू नका. ‘खुकरी’वरचे काही जण खरोखरच समुद्रातून जिवंत काढले होते. मग आशा सोडायची तरी कुठल्या दिवशी? आणि हा प्रश्न ‘गाझी’वरच्या मुलांच्या आयांनाही पडलाच असेल. समुद्राच्या तळाशी सरहद्द नसते.

दीवला ‘खुकरी’चं स्मारक आहे, काचेत जहाजाची प्रतिकृती आहे. जमलं तर जरूर बघा. पण स्मारक सरकारनं उभारायचं असतं. आठवण घरानं ठेवायची असते.

म्हणून एकच विनंती. तुमच्या माजघरात गणवेशातल्या कुणा काकाचा, मामाचा फोटो असेल, तर आज घरी गेल्यावर तो उतरवा. मागे त्याचं नाव, बोटीचं नाव आणि तारीख लिहा. ज्यांना हे माहीत आहे, ती माणसं आता ऐंशीच्या घरात आहेत. त्यांना आजच विचारा. पुढच्या पिढीत तो ‘कुणीतरी नेव्हीतला’ एवढाच उरला, तर तो दुसऱ्यांदा बुडाला, असं मी म्हणेन.