पॅकेज-बांधणीतील ऐच्छिक सुविधांची निवड

लिनक्सवरील सॉफ्टवेअरचे पॅकेज बांधताना त्याच्या सोर्सकोडमधील कोणत्या पर्यायी सुविधा चालू ठेवायच्या व कोणत्या वगळायच्या, हे ठरवण्याचे पॅकेजरचे काम. कंपाइल करतानाच वगळलेली सुविधा वापरकर्त्याला सेटिंग बदलून मिळत नाही. पॅकेज पुन्हा बांधावे लागते.

यंत्रणा : ऑटोकॉन्फवर चालणाऱ्या प्रकल्पांत कॉन्फिगर आज्ञेला ‘एनेबल’ किंवा ‘विथ’ने सुरू होणारे पर्याय देतात. मेसन या बांधणी-साधनात सुविधेच्या तीन अवस्था असतात : चालू, बंद आणि स्वयं. ‘स्वयं’ अवस्थेत लागणारी लायब्ररी बांधणीच्या यंत्रावर सापडली तर सुविधा जोडली जाते, नाहीतर निमूटपणे गळते. एकाच सोर्सकोडपासून दोन यंत्रांवर दोन निराळी पॅकेजे तयार होतात, ती बहुधा अशा स्वयंशोधामुळे. जेंटू या लिनक्स वितरणाच्या परिभाषेत हे ‘ऑटोमॅजिक’ अवलंबन होय आणि तेथे तो दोष मानला जातो. फेडोरा या वितरणाच्या मेसन मॅक्रोत सर्व स्वयं-पर्याय सक्तीने चालू धरले जातात. त्यामुळे लायब्ररी नसेल तर बांधणी तिथेच थांबते आणि चूक पॅकेजरच्याच नजरेस पडते.

देवनागरीचा प्रश्न : निवडीचे परिणाम सर्वांत ठळक दिसतात ते चित्रावर मजकूर उमटवणाऱ्या साधनांत. इमेजमॅजिकमध्ये रक्म ही लायब्ररी ऐच्छिक आहे. हार्फबझ व फ्रीबिडी यांच्या आधारे ती अक्षरांची जुळणी करते. ती न जोडता बांधलेल्या इमेजमॅजिकने ‘स्थिती’ हा शब्द उमटवला, तर स, पाय मोडण्याचे चिन्ह, थ, पहिली वेलांटी, त, दुसरी वेलांटी अशी चिन्हे साठवणुकीच्या क्रमानेच एकापुढे एक बसतात. जोडाक्षर होत नाही. पहिली वेलांटी ‘स्थ’च्या आधी यायची ती थच्या पुढे पडते आणि तच्या डोक्यावर जाते. चूक-संदेश मात्र कोणताच येत नाही. रोमन मजकुरावर सगळ्या चाचण्या पार पडतात, म्हणून पॅकेजरला काही बिघडल्याचे कळत नाही, आणि प्रमाणपत्रावरचे नाव मोडके छापले गेल्यावर दोष फॉन्टला दिला जातो. रोमन लिपीपुरती ऐच्छिक असलेली ही सुविधा मराठीसाठी अनिवार्य आहे. मूळ प्रकल्पांनी तिची नोंद तशीच करायला हवी. आवृत्ती विचारणारी आज्ञा दिल्यावर इमेजमॅजिक ‘डेलिगेट्स’ची यादी दाखवते, तीत रक्म आहे का ते पाहावे.

पायथॉनच्या पिलो लायब्ररीची तयार व्हील (आधीच बांधलेली पॅकेजे) ८.२ आवृत्तीपासून रक्मसह येतात. पण फ्रीबिडी चालवतेवेळी शोधली जाते आणि न मिळाल्यास पिलो साध्या मांडणीवर उतरते. एफएफएमपेगने याउलट वाट धरली आहे : ६.१ पासून मजकूर उमटवणाऱ्या ड्रॉटेक्स्ट फिल्टरला हार्फबझ लागते आणि ती नसेल तर फिल्टरच तयार होत नाही. मोडका मजकूर मिळण्यापेक्षा हे पुष्कळ बरे.

वितरणांची धोरणे : जेंटूत ‘यूज फ्लॅग’द्वारे निवड वापरकर्त्याच्या हाती असते. डेबियन एकाच सोर्सपासून अनेक पॅकेजे बांधते. विम-टायनी, विम-नॉक्स व विम-जीटीके३ ही परिचित उदाहरणे. फेडोराने २०२२ मध्ये पेटंटच्या कारणास्तव मेसा या ग्राफिक्स लायब्ररीतील एच.२६४ व एच.२६५ या व्हिडिओ-प्रकारांचे हार्डवेअर-साहाय्य बंद केले. निक्सओएसमध्ये पॅकेजची व्याख्या ओव्हरराइड करता येते.

सुरक्षा : २०१४ मधील हार्टब्लीड दोष ओपनएसएसएल १.०.१ ते १.०.१एफ या आवृत्त्यांच्या हार्टबीट सुविधेत होता. ती मुळातच चालू असे. फार थोड्यांना लागणारी सुविधा असंख्य सर्व्हरांवर होती. ज्यांना १.०.१जी लगेच घेता येत नव्हती, त्यांना हार्टबीट वगळून पुन्हा कंपाइल करण्याचा सल्ला प्रकल्पाने दिला. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड या संक्षेपण-साधनाच्या ५.६.० व ५.६.१ आवृत्त्यांत चोरवाट सापडली. ओपनएसएसएचला एक्सझेडची गरज नव्हती. डेबियन, फेडोरा आदींनी सेवा सुरू झाल्याचे सिस्टमडीला कळवण्याची सोय ओपनएसएसएचमध्ये जोडली होती. त्यासाठी लिबसिस्टमडी आली आणि तिच्यामागून एक्सझेडची लिबएलझेडएमए ही लायब्ररी. आर्चने ही जोडणी केलेली नव्हती. जुलै २०२४ च्या ओपनएसएसएच ९.८ मध्ये तीच सूचना लिबसिस्टमडीशिवाय देण्याची सोय झाली.

वाद : २०२४ मध्ये डेबियनच्या विकास-शाखेत कीपासएक्ससी या पासवर्ड-व्यवस्थापकाचे पॅकेज नेटवर्क व ब्राउझर-जोडणी वगळून बांधण्यात आले आणि संपूर्ण रूप वेगळ्या नावाने देण्यात आले. मूळ प्रकल्पाने त्यास हरकत घेतली. नेहमीच्या नावाखाली कोणते रूप असावे, यावर मतभेद आहेत.

परवाना : एफएफएमपेग ‘नॉनफ्री’ पर्यायासह बांधल्यास ते पॅकेज इतरांना वितरित करता येत नाही.