पहिला घाणा

चकलीचा पहिला घाणा आई नेहमी थोडक्याचाच घाली. चकली तेलात विरघळली, तर भाजणीचे काय चुकले ते तिथेच कळे. संगणकाच्या कारागिरांतही हीच रीत आहे. अपुरी कृती आधी चार परक्यांच्या हाती द्यायची. तिला ते बीटा चाचणी म्हणतात.

या रीतीचा एक प्रसंग मला फार आवडतो. हेलसिंकी विद्यापीठातील एकवीस वर्षांच्या लिनस टोरवाल्ड्सने २५ ऑगस्ट १९९१ रोजी मिनिक्स वापरणाऱ्यांना कळवले, की आपण एक संगणकप्रणाली रचीत आहो. तुम्हांस काय हवे ते सांगा. सप्टेंबरात ०.०१ ही आवृत्ती सिद्ध झाली. सुमारे दहा हजार ओळी! ती बांधायला मिनिक्सच लागे, आणि कळफलक फिनलंडचा. गाजावाजा न करता त्याने ती मोजक्यांनाच कळवली. ५ ऑक्टोबरला ०.०२ मात्र उघडपणे जाहीर केली. मग परक्यांच्या सूचना नि दुरुस्त्या येऊ लागल्या. १४ मार्च १९९४ रोजी १.० आली, तेव्हा ओळी होत्या १,७६,२५०. तीच लिनक्स.

उमेदवारीत मी एक लहानशी आज्ञावली लाजेपोटी महिनाभर घरीच घासीत बसलो होतो. परक्या यंत्रावर ती पहिल्याच दिवशी कोसळली! त्या महिन्याची हळहळ अजून वाटते. पूर्णत्वाची वाट पाहणे हा पुष्कळदा भित्रेपणाच असतो. वाचकहो, पहिला घाणा बिघडला म्हणून कोणाची दिवाळी राहिली आहे काय?