बोंगोची वाट: हवाना ते पाथर्डी

साखर कारखान्यांचा हंगाम संपून पट्टा पडला की ऊसतोडीला गेलेली बिऱ्हाडं गावी परततात आणि वैशाखात पाथर्डीत लग्नांची एकच घाई उडते. वरातीत पुढे हलगी, मागे गाडीवर बँजो पार्टी. हलगीचं कूळ कुणाला सांगावं लागत नाही. पण बँजोशेजारी वाजणारे कोंगो नावाचे उंच ढोल, बोंगो, एकाच्या हातातला खुळखुळा आणि मध्येच अडखळल्यासारखा होऊन पुन्हा समेवर येणारा ठेका, हे सगळं घराणं क्यूबाचं आहे.

बोंगो म्हणजे लाकडी ठोकळ्याने जोडलेले दोन छोटे ढोल, एक लहान, एक मोठा. गुडघ्यांत धरायचे आणि बोटांनी वाजवायचे. क्यूबातले वादक धाकट्याला नर म्हणतात, थोरल्याला मादी. मोहटादेवीच्या गोंधळात संबळ ऐकलेल्या माणसाला ही धाकटी-थोरली जोडी परकी वाटू नये. कातडं ताणायला पेच आले ते नंतर. त्याआधी तिथले वादक बोंगो आणि कोंगो जाळावर शेकून सुरात आणत. आपला हलगीवाला वरात निघण्याआधी चिपाडं पेटवून नेमकं हेच करतो. आफ्रिकेतून गुलाम म्हणून नेलेल्या माणसांचं हे तालज्ञान. क्यूबाच्या पूर्वेकडच्या डोंगराळ मुलखात स्पॅनिश गिटारीशी त्याची गाठ पडली, त्यातून ‘सोन’ नावाचं गाणं घडलं आणि विसाव्या शतकाच्या आरंभी ते राजधानी हवानात उतरलं.

हवानात नाचाचे वाद्यवृंद आधीपासून होते. मिगेल फाइल्दे यांनी 1879 साली मातान्सास शहरात ‘दान्सोन’ हा नाच रूढ केला. पुढे बासरी, व्हायोलिनं आणि पियानोचे ‘चारांगा’ वृंद आले. 1930च्या दशकाच्या अखेरीस आर्कान्यो यांच्या वृंदात ओरेस्तेस आणि काचाओ या लोपेस बंधूंनी दान्सोनच्या शेवटच्या भागात ताल मोकळा सोडला, तिथे माम्बो या नाचाची बीजं पडली. माझ्या लेखी मात्र सगळ्यांत मोठा माणूस आर्सेनियो रोद्रिगेस. लहानपणीच दृष्टी गेलेल्या या वादकाने 1940च्या सुमारास आपल्या ताफ्यात कोंगो, पियानो आणि जादा ट्रम्पेट घेतले. कोंगो तोवर रस्त्यावरच्या गरिबांचं वाद्य होतं. त्याला वृंदात मानाने बसवणं धाडसाचं होतं, आणि आज जगभर जो ‘लॅटिन’ आवाज ओळखला जातो त्याचा सांगाडा तिथे उभा राहिला. त्याचा कणा म्हणजे ‘क्लावे’: दोन लाकडी दांडक्यांचे पाच ठोके, आधी तीन, मग दोन. बाकी बहुतेकांनी आपला छोटा तुकडा न बदलता वाजवत राहायचं. एकट्याचा तुकडा ऐकला तर काहीच हाती लागत नाही. सगळे जुळले की पाय आपोआप हलतात.

मुंबईला हा आवाज तबकड्यांवरून आला. क्यूबाच्या डॉन आस्पियासू यांच्या वृंदाने 1930 साली न्यूयॉर्कला ध्वनिमुद्रित केलेल्या शेंगदाणेवाल्याच्या गाण्याने जगाला रुंबा या नाचाचं वेड लावलं. लंडनमध्ये त्रिनिदादच्या एडमंडो रॉस यांनी तेच रंग हॉटेलांत नेले. मुंबईत ताजसारख्या हॉटेलांतून गोव्याचे वादक ते वाजवू लागले. त्यांत हळदोण्याचे आंतोनियो झेवियर वाझ, म्हणजेच ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट, आघाडीवर होते.

आणि इथे आपला, पाथर्डीचा जिल्हा येतो. रामचंद्र नरहर चितळकर, चित्रपटसृष्टीचे सी. रामचंद्र, 1918 साली गोदाकाठच्या पुणतांब्यात जन्मले. पुण्यात विनायकबुवा पटवर्धनांकडे शिकलेला हा माणूस चिक चॉकलेटला साथीला घेतो, ही मला आपल्या संगीतातली फार मोलाची भेट वाटते. ‘समाधी’तलं (1950) ‘गोरे गोरे’ रॉस यांच्या वृंदाने वाजवलेल्या एका गाण्यावरून सुचलेलं. पुढच्याच वर्षी मास्टर भगवान यांच्या ‘अलबेला’त ‘शोला जो भडके’साठी बोंगो, ओबो, ट्रम्पेट, क्लॅरिनेट आणि सॅक्सोफोन एकत्र आले. चिक आणि त्यांचा ताफा झालरीचे क्यूबन सदरे घालून त्या चित्रपटात पडद्यावरही दिसतो. रामचंद्रांनी नुसती नक्कल केली नाही. क्लावेचा काटेकोर हिशेब त्यांनी बाजूला ठेवला आणि बोंगो केरव्याच्या अंगाने चालवला. म्हणून तो ढोलकी ऐकून वाढलेल्या माणसांना लगेच आपला वाटला. भगवानदादांची ती संथ, खांदे हलवणारी चाल तर गणपतीपासून वरातीपर्यंत सगळ्यांनी उचलली.

बोंगो, कोंगो आणि मराकस म्हणजे खुळखुळे ही वाद्यं चित्रपटांच्या वादकवर्गात रुजवण्याचं श्रेय कावस लॉर्ड यांना द्यायला हवं. त्यांचे मुलगे केरसी आणि बुर्जोर यांनीही पुढे वादक म्हणूनच नाव काढलं. कोंगोला ही मंडळी तुंबा म्हणू लागली, खाचा घासून वाजवायच्या वाद्याला रेसो. ध्वनिमुद्रिकेवर नाव छापलं जाई ते संगीतकाराचं आणि गायकाचं. चिक किंवा कावस यांचं नाव श्रोत्यापर्यंत क्वचितच पोचलं. पण गावोगावचे बँडवाले तीच गाणी कानाने उतरवत होते, आणि गाण्याबरोबर ठेकाही आपसूक उतरत होता. आता ऑक्टोपॅड आला आहे. त्याच्या एका चौकोनावर काडी मारली की कोंगो वाजतो, शेजारच्यावर बोंगो, आणि वरातीतली पोरं त्यावर भगवानदादांची चाल नाचतात.