औरंगपुऱ्यातील फडताळे

आपल्या ज्ञातिबांधवांपैकी ज्यांची जुनी घरे औरंगपुऱ्यात आहेत, त्यांच्याकडे अलीकडे सुताराचे ठोके वरचेवर ऐकू येतात. भिंतीतील जुनी फडताळे काढावयाची आणि त्या जागी प्लायवूडची, छतापर्यंत पोचणारी कपाटे बसवावयाची, असा हा उद्योग होय. त्यास आमची हरकत नाही. तथापि जी वस्तू आपण काढतो तिचा इतिहास ठाऊक असावा, एवढ्यासाठी हा लेखप्रपंच.

मलिक अंबराने १६१० साली खडकी वसविली. पुढे औरंगजेब १६५३ मध्ये दख्खनच्या सुभेदारीवर आला तेव्हा शहरास त्याचे नाव मिळाले, आणि भोवती जे पुरे नांदू लागले त्यांतलाच औरंगपुरा एक. २०२३ साली शहराचे नाव छत्रपती संभाजीनगर झाले. या पुऱ्यातील जुन्या घरांच्या भिंती दगड, वीट, माती व चुना यांच्या, दीड-दोन हात जाड. एवढ्या जाड भिंतीत कोनाडा, दिवळी आणि फडताळ यांस जागा सोडणे सोपे होते. वर सागवानी तुळई, पुढे चौकट, दोन फळ्यांची दारे आणि कडी-कोयंडा, एवढा त्याचा थाट.

फडताळाची खोली हातभराहून क्वचितच अधिक असे. त्या काळच्या पोशाखास ती पुरे. धोतर, लुगडे, उपरणे, पागोटे ही सारी घडीची वस्त्रे. कोट-सदरे खुंटाळ्यास टांगून ठेवण्याची रीत आली, तेव्हा दोन फूट खोलीची गरज निर्माण झाली आणि फडताळ अपुरे पडू लागले. मुंबईच्या गोदरेज कंपनीने १९२३ साली पोलादी कपाटे करावयास घेतली; ती यथावकाश घरोघर आली. पैठणीला मात्र आजही घडीच मानवते. टांगून ठेवल्यास जरीच्या भाराने वस्त्र ताणते.

परंतु फडताळात केवळ कपडे नसत. निजामाच्या राज्यात १८८४ साली कचेरीत फारशीच्या जागी उर्दू आली. बाहेर ही भाषा चाले, आणि घरी जमाखर्च, खते, सोयरिकीची पत्रे मोडीत लिहिली जात. ही सारी कागदपत्रे रुमालात बांधून फडताळाच्या वरच्या फळीवर ठेवीत. १७ सप्टेंबर १९४८ रोजी मराठवाडा मुक्त झाला आणि १९५६ मध्ये मुंबई राज्यात आला. मराठीस मान मिळाला. परंतु तोवर मोडी शाळांतून मागे पडत चालली होती. परिणामी कागद घरात राहिले आणि वाचणारे गेले. न वाचता येणारा कागद रद्दी ठरावयास कितीसा वेळ लागतो?

इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी असेच घराघरांतील दप्तर शोधून १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ याचा पहिला खंड प्रसिद्ध केला, आणि १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले. त्यांच्या हाती आलेली साधने कोणाच्या तरी पेटीत वा माडीवर धूळ खात पडलेलीच होती. आपल्या कुळाचा इतिहास तरी दुसरीकडे कोठे असणार?

म्हणून क्रम असा असावा. प्रथम फडताळ स्वतः रिकामे करावे. ते काम मजुरांवर सोपवू नये. फळ्यांमागे व तळाशी हात घालून पाहावा. मोडी कागद सापडल्यास जाणकारास दाखवावेत; १९५८ साली आपल्याच शहरात स्थापन झालेल्या विद्यापीठाच्या इतिहास विभागात विचारणा करता येईल. त्यानंतर चौकट काढावी. जुन्या भिंती बहुधा दोन बाजूंस चिरेबंदी वा विटांच्या आणि मध्ये भर घातलेल्या असतात; वरच्या तुळईवर भिंतीचा भार असतो. तीस धीरे देण्यापूर्वी चौकट उपटल्यास मधली भर ढासळते. शक्यतो तुळई जागीच ठेवावी. पोकळी चुन्यातच बुजवावी. सिमेंटच्या गिलाव्याने जुन्या भिंतीतील ओल आत कोंडते. नवे कपाट भिंतीपासून दोन बोटे दूर ठेवावे, म्हणजे वारा खेळतो. सागवानी दारे भंगारात न देता त्यांचे देवघर वा पुस्तकांची मांडणी करावी.

कपाट नवे अवश्य करावे. पण त्यातील एक कप्पा जुन्या रुमालासाठी राखून ठेवावा, एवढीच आमची समस्त कुटुंबांस विनंती आहे.