इशापूरची रायफल, अमेरिकेची रेंज

तुमच्यापैकी अनेकांनी एनसीसीत .३०३ रायफल खांद्यावर घेतली असेल. तिचं वजन आठवतं, धक्का आठवतो. आज ही रायफल हौसेने जमवणारी आणि सुट्टीच्या दिवशी मैत्रीच्या सामन्यात चालवणारी माणसं भेटतात ती मात्र अमेरिकेत!

ली-एनफिल्डचा हा प्रकार ब्रिटिश सैन्यात १९०७ साली आला आणि पुढे बंगालमध्ये हुगळीकाठच्या इशापूरला बनू लागला. संग्राहक नळीच्या मागच्या कड्यावरचे शिक्के आधी वाचतात. मुकुट असला तर स्वातंत्र्याआधीची, ‘आरएफआय’ असलं तर नंतरची. पुढच्या लाकडात आडवा स्क्रू दिसला की जाणकार लगेच म्हणतो, ही इशापूरची. काही रायफलींच्या लाकडाभोवती तांब्याची तार गुंडाळलेली असते. त्या ग्रेनेड फेकण्यासाठी राखलेल्या, धक्क्याने लाकूड फुटू नये म्हणून ती तार.

१९६२ च्या युद्धात आपल्या जवानांच्या हातात मुख्यतः .३०३ च होती. त्यानंतर इशापूरने जुन्याच आराखड्यावर, पण अधिक मजबूत पोलादाची, ७.६२ मिमीची ‘२ए’ आणि मग ‘२ए१’ बनवली. जुन्या .३०३ ची नळी बदलून ही केली असं बरेच जण सांगतात. ते चूक आहे, ही नवीच घडवलेली रायफल. मागच्या निशाण्यावर आधी २००० यार्डांपर्यंत आकडे होते, २ए१ वर ते ८०० मीटरवर आणले. मला हा बदल फार बोलका वाटतो. २००० यार्डांवरचा माणूस एकट्या सैनिकाला टिपता येत नाही, हे दोन महायुद्धांनंतर कबूल झालं.

अमेरिकेत १९६८ च्या कायद्याने लष्करी जुन्या बंदुकांची आयात थांबली होती. १९८० च्या दशकात ऐतिहासिक नगांसाठी ती पुन्हा खुली झाली आणि आपल्याकडे मोडीत निघालेल्या रायफली तिकडच्या दुकानांत पोचल्या. ओहायोतल्या कॅम्प पेरीला जुन्या लष्करी रायफलींचे सामने होतात. अट अशी की रायफल सैनिकाला मिळाली तशीच हवी. दुर्बीण लावून, दस्ता बदलून चालत नाही.

या अटीमुळेच इतिहास कळतो. या रायफलीचा बोल्ट मागे ओढताना हलका जातो, स्प्रिंग दाबली जाते ती पुढे ढकलताना. मूठ चापाच्या अगदी जवळ. म्हणूनच पहिल्या महायुद्धाआधीच्या ब्रिटिश शिपायाकडून मिनिटाला पंधरा नेमके बार अपेक्षित असत. .३०३ च्या काडतुसाला मागे कडा असते. वरच्या काडतुसाची कडा खालच्याच्या मागे गेली की रायफल ऐन वेळी अडते. संग्रहालयातल्या काचेआड हे कधीच कळणार नाही.

आपल्याकडे .३०३ सामान्य माणसासाठी निषिद्ध बोअर. परवान्यावर मिळते ती आयुध कारखान्याची .३१५, यंत्रणा जवळपास तीच. अमेरिकेसारखा मोकळा बंदूकबाजार इथे यावा असं मी मुळीच म्हणणार नाही. आणि या रायफलीची आठवण आपल्याला निव्वळ हौस म्हणून काढताही येत नाही. २६/११ च्या रात्री छत्रपती शिवाजी टर्मिनसवर स्वयंचलित शस्त्रांसमोर पोलिसांच्या हातात हीच होती. उत्तर प्रदेश पोलिसांनी तिला निरोप दिला तो थेट २०२० च्या प्रजासत्ताक दिनी.

पण ती चालवण्याचं ज्ञान अजून निवृत्त हवालदारांच्या हातात आहे. घरात किंवा शेजारी असे कोणी असतील तर विचारा, काडतुसं कशी रचायचे, पावसाळ्यात नळी कशी पुसायचे, आणि मोबाइलवर त्यांच्याच शब्दांत भरून ठेवा.