हजेरीपट ते संगणक : माहितीच्या व्यवस्थेची गोष्ट

रोज सकाळी प्रार्थना झाली की वर्गात हजेरी होते. गुरुजी किंवा बाई नाव घेतात, मुले 'हजर' म्हणतात आणि हजेरीपटावर एक खूण उमटते. हे काम इतके अंगवळणी पडलेले असते की आपण नेमके काय करतो आहोत याकडे लक्षही जात नाही. समजा, वर्गात ४० मुले आहेत आणि महिन्यात २४ दिवस शाळा भरली. महिनाअखेर हजेरीपटावर ९६० खुणा जमा होतात. त्यांच्याकडे नुसते पाहून फारसे काही कळत नाही. पण कोणी वारांप्रमाणे गैरहजेरीची बेरीज केली तर हातात फक्त सहा आकडे येतात. त्यांपैकी मंगळवारचा आकडा इतरांच्या दुप्पट दिसला तर लगेच आठवते, मंगळवारी गावचा बाजार असतो! आता मुख्याध्यापकांना काही ठरवता येते. चाचणी मंगळवारी ठेवू नये, किंवा पालकांना भेटावे.

नोंद करणे, नोंदींची वर्गवारी करणे, सारांश काढणे आणि त्यावरून निर्णय घेणे, ही साखळी म्हणजेच माहिती प्रणाली. हा शब्द ऐकला की डोळ्यांसमोर संगणक येतो. पण संगणक हा या साखळीतला एक दुवा आहे, आणि तोही अगदी अलीकडचा. माणसे, नियम आणि वह्या हे दुवे त्याच्या कितीतरी आधीचे आहेत.

आपल्या भाषेतच याचा पुरावा सापडतो. दिवसभराचे व्यवहार ज्या क्रमाने घडले त्या क्रमाने जिच्यात लिहायचे ती रोजकीर्द. त्याच नोंदी माणसावार किंवा बाबवार वेगळ्या मांडायच्या ती खतावणी. त्यांचा गोषवारा म्हणजे तेरीज, आणि शेवटी एकूण परिस्थिती दाखवणारा तो ताळेबंद. नोंद, वर्गवारी, सारांश आणि निर्णयाचा आधार, या चारही पायऱ्यांना आपल्याकडे स्वतंत्र नावे होती. संत एकनाथांची आख्यायिका आपण सर्वांनी ऐकलेली आहे. जनार्दनस्वामींकडे हिशेबाचे काम करताना एका पैची चूक शोधण्यासाठी त्यांनी रात्र जागवली. पै क्षुल्लक होती, पण चूक कुठे आहे हे माहीत नसणे क्षुल्लक नव्हते. एक नोंद खोटी ठरली तर साऱ्या वहीवरचा विश्वास जातो.

मोठ्या उद्योगात ही साखळी किती महत्त्वाची ठरते हे पाहण्यासाठी आपण नागपुरातच थांबू. जमशेटजी टाटांनी १८७४ साली 'सेंट्रल इंडिया स्पिनिंग, वीव्हिंग अँड मॅन्युफॅक्चरिंग कंपनी' स्थापन केली आणि गिरणीसाठी मुंबईऐवजी नागपूरची निवड केली. वऱ्हाड-नागपूरचा कापूस हाताशी होता, वरोऱ्याचा कोळसा फार दूर नव्हता आणि मुंबईहून निघालेली रेल्वे १८६७ मध्ये नागपूरला पोचली होती. जुम्मा तलावाजवळच्या दलदलीच्या जागेत भर घालून गिरणी उभी राहिली. १ जानेवारी १८७७ रोजी ती सुरू झाली. त्याच दिवशी दिल्लीच्या दरबारात व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर करण्यात आले, म्हणून गिरणीचे नाव पडले एम्प्रेस मिल. तिचे व्यवस्थापक बेझनजी दादाभाई मेहता रेल्वेच्या मालवाहतुकीच्या खात्यातून आले होते. कापडगिरणीचा अनुभव त्यांना नव्हता. पण कोणता माल कोठून निघाला, कोठे पोचला, कोठे अडला, याचा हिशेब ठेवण्याची रेल्वेची शिस्त त्यांच्या अंगी असणारच.

गिरणीपुढची मोठी अडचण होती गैरहजेरीची. त्या काळाविषयी लिहिणाऱ्यांनी नोंदवले आहे की रोज जवळजवळ एक पंचमांश कामगार कामावर येत नसत. पण 'एक पंचमांश गैरहजर' एवढ्याने भागत नाही. विणाईखात्यातले शंभर कामगार आले नाहीत तर आजच माग रिकामे राहतात. कताईखात्यातले शंभर आले नाहीत तर आज माग चालतात, पण उद्या-परवा त्यांना सूत कमी पडते. म्हणून गैरहजेरीचा आकडा खातेवार हवा. तो सकाळीच हवा, संध्याकाळी मिळून उपयोग नाही, कारण बदली कामगार सकाळीच लावायचा असतो. येथे माहितीचे तीन गुण दिसतात. ती बिनचूक हवी, वेळेवर हवी आणि ज्याला निर्णय घ्यायचा आहे त्याच्या प्रश्नाला धरून हवी.

आता खरा प्रश्न येतो. मस्टर पाहून काय करायचे? सोपा उपाय होता दंडाचा. ज्याच्या नावापुढे रिकामी चौकट, त्याला दंड. टाटांनी वेगळी वाट धरली. नियमित येणाऱ्यांना बक्षिसे सुरू झाली. १८८६ मध्ये निवृत्तिवेतनाचा निधी आला, १८९५ पासून अपघाताची भरपाई मिळू लागली आणि १९०१ मध्ये भविष्य निर्वाह निधी आला. कामगारांच्या नुकसानभरपाईचा कायदा आपल्या देशात १९२३ साली झाला आणि भविष्य निर्वाह निधीचा १९५२ साली, हे लक्षात घेतले म्हणजे या पावलांचे महत्त्व कळते. मालकाचा त्यात फायदा नव्हता असे नाही. अनुभवी कामगार टिकला की सूत चांगले निघते. पण 'कोण आला नाही?' या प्रश्नाशी न थांबता 'तो का येत नाही?' हा प्रश्न येथे विचारला गेला, आणि एकदा प्रश्न बदलला की नोंदही बदलावी लागते. दंडासाठी महिन्याचे मस्टर पुरते. निवृत्तिवेतन द्यायचे तर कामगार कधी लागला, किती वर्षे टिकला, हे वीस-तीस वर्षांनीही सापडले पाहिजे. महिन्याभराच्या वहीला आता माणसाच्या आयुष्याएवढे जपावे लागते.

कापडाच्या धंद्याचा माहितीशी आणखी एक धागा आहे. फ्रान्समध्ये जोसेफ जॅकार्ड याने १८०४-०५ च्या सुमारास भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांच्या साहाय्याने मागावर नक्षी विणण्याची युक्ती सिद्ध केली. भोक असेल तर धागा उचलला जाई, नसेल तर नाही. अमेरिकेत १८८० च्या जनगणनेचे आकडे हाताने जुळवायला सात वर्षांहून अधिक काळ लागला. तेव्हा हर्मन हॉलरिथ याने प्रत्येक माणसामागे एक कार्ड, आणि वय, लिंग, व्यवसाय यांसाठी ठरावीक जागी भोके, अशी पद्धत बसवली. भोकातून तार आरपार गेली की विजेचे मंडल पुरे होई आणि मोजणीचा काटा एक घर पुढे सरके. १८९० ची जनगणना या यंत्रांनी मोजली गेली. त्याच्या कंपनीतूनच पुढे आय.बी.एम. उभी राहिली.

धंद्याच्या रोजच्या कामाला संगणक प्रथम लावला तो लंडनच्या एका चहावाल्यांनी! जे. लायन्स ही चहाची दुकाने व बेकऱ्या चालवणारी कंपनी. रोज हजारो पावांचा, केकांचा हिशेब ठेवता ठेवता ती जेरीस आली होती. तिने स्वतःच 'लिओ' नावाचा संगणक बांधला आणि नोव्हेंबर १९५१ मध्ये बेकरीमालाच्या किमतीचा हिशेब त्यावर केला. पुढे कर्मचाऱ्यांचा पगारही त्यावर निघू लागला. ज्या एका माणसाच्या पगाराला कारकुनाला आठ मिनिटे लागत, तो हिशेब लिओ दीड सेकंदात करी.

आपल्याकडे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत 'टिफ्रॅक' हा संगणक १९६० मध्ये तयार झाला. व्यापारी कामासाठी मुंबईतच एका तेल कंपनीने १९६१ मध्ये संगणक आणला. १९६८ मध्ये सुरू झालेल्या टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसने आरंभी केलेल्या कामांत पोलाद कारखान्याची पंचकार्डे आणि एका बँकेच्या शाखाशाखांमधील नोंदींचा मेळ घालणे यांचा समावेश होता. शेवटी तीही खतावणीच.

परंतु आयुर्विमा महामंडळाने संगणक आणायचे ठरवले तेव्हा कर्मचारी संघटनांनी तीव्र विरोध केला. शेकडो कारकुनांचे काम एक यंत्र करणार असेल तर त्या घरांचे काय, हा प्रश्न खोटा नव्हता. सरकारने स्वयंचलनाच्या प्रश्नावर समिती नेमली. तिचे अध्यक्ष होते पुण्याचे अर्थशास्त्रज्ञ वि. म. दांडेकर, आणि अहवाल आला १९७२ मध्ये. बँकांत संगणक आले तेही १९८३ मध्ये संघटनांशी करार झाल्यावर. संगणकामुळे पुढे नवी कामे निघाली हे खरे, पण ज्याचे जुने काम गेले त्यालाच नवे मिळाले असे नेहमी होत नाही. येथेही फरक प्रश्नाचाच पडतो. 'किती माणसे कमी होतील?' हा प्रश्न धरून बसवलेली व्यवस्था वेगळी होते आणि 'विधवेच्या हातात विम्याची रक्कम किती दिवसांत पडेल?' हा प्रश्न धरून बसवलेली वेगळी. यंत्र दोन्हीकडे तेच असते.

एम्प्रेस मिल पुढे टाटांकडून राज्य वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेली आणि अखेर बंद पडली. आज त्या परिसरात एम्प्रेस सिटी मॉल आहे. तेथे वस्तूवरच्या काळ्या पट्ट्यांवरून प्रकाशकिरण फिरतो आणि क्षणात बिल बनते, साठ्यातून एक नग वजा होतो. रोजकीर्द आणि खतावणी एकाच वेळी लिहिली जाते, एवढेच.

आता पुन्हा आपल्या वर्गाकडे येऊ. शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये आपण मुलाची जन्मतारीख लिहितो. ती दाखल्यावर जाते, तेथून परीक्षेच्या अर्जावर, नोकरीत आणि शेवटी निवृत्तीच्या कागदावर. आता ही माहिती शासनाच्या संगणकातही भरली जाते. संगणक चुकीची तारीख सुधारत नाही, तिच्या प्रती काढतो. प्रयोगशाळेत आम्ही एक नियम पाळतो. चुकलेला आकडा खोडरबराने पुसायचा नाही. त्यावर एकच रेघ मारायची, शेजारी दुरुस्ती लिहायची आणि सही करायची, म्हणजे काय बदलले आणि कोणी बदलले हे पुढच्याला कळते.

वरच्या वर्गातल्या मुलांना एक उपक्रम जरूर द्यावा. तीन महिन्यांचे हजेरीपट घेऊन वारांप्रमाणे गैरहजेरी मोजावी, पण नावे न घेता. मग गट करून कारणे शोधावीत. दंड कोणाला करावा, हा प्रश्न तेवढा विचारू नये.